परदेशात समोरच्याने आपला देश चुकीचा ओळखला तर तुम्ही लगेच सांगता का?

निळी_ओढणी
नमस्कार, एक गोष्ट महिनाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतेय. मी आणि आई इस्तंबूलला गेलो होतो. एमिनोन्यूहून कादिक्योयला जाणाऱ्या फेरीत एक आजोबा शेजारी येऊन बसले आणि आमच्याकडे बघून "पाकिस्तान?" म्हणाले. इंजिनच्या आवाजात आईला नीट ऐकूच आलं नाही, तिने हसून मान हलवली. झालं, आजोबांचा चेहरा असा काही खुलला की काय सांगू! छातीवर हात ठेवून "कारदेश, कारदेश" म्हणत राहिले (म्हणजे भावंडं), मग मोबाइलवर ट्रान्सलेट करून दाखवलं की २००५ च्या भूकंपानंतर ते मदतीला तिकडे गेले होते. आईला खिडकीची जागा दिली, उतरल्यावर आमची जड बॅग पार टॅक्सीपर्यंत आणून दिली, एकत्र फोटो काढला, नंबर दिला. आणि मी ती वीस मिनिटं गप्प.

घाबरले होते असं नाही, त्यांचा तो आनंद मोडवेना. पण आता फोटो बघितला की वाटतं, ती माया दुसऱ्याच कुणाच्या वाट्याची होती आणि मी ती घेऊन आले. तुमच्या बाबतीत असं झालंय का? काय करता अशा वेळी?

रिकामी_सॅक
ताई, तुम्ही खोटं बोलला नाहीत, इतकं मनाला लावून घेऊ नका. पण माझं मत विचाराल तर पहिल्याच मिनिटात सांगून टाकावं. लगेच सांगितलं की ती नुसती माहिती असते, अर्ध्या तासाने सांगायला गेलं की कबुली दिल्यासारखं वाटायला लागतं आणि मग तोंडच उघडत नाही. तुर्की भाषेत भारताला हिंदिस्तानच म्हणतात, हसून तेवढा एक शब्द म्हटला तरी पुरतं.

फक्त सूर सांभाळायचा. "नो नो, नॉट पाकिस्तान!" असं अंगावर पाल पडल्यासारखं ओरडणारे लोक मी पाहिलेत. एकदा एअरपोर्टवर असंच चाललं होतं आणि बाजूच्याच रांगेत खरोखरचं पाकिस्तानी कुटुंब उभं होतं. त्यांच्यातल्या छोट्या मुलीने वळून आधी त्या माणसाकडे आणि मग वडिलांकडे बघितलं, ते अजून डोळ्यासमोर येतं.

दक्षिणवारा
माझं उलटं, मेक्सिकोत सगळे मला तिथलाच समजायचे. ओआहाकाच्या बसस्टँडवर तिकीट खिडकीतल्या बाई भराभर स्पॅनिश बोलत होत्या आणि मी इंग्रजीत उत्तर दिलं तर त्यांना वाटलं हा मुद्दाम भाव खातोय, चांगल्याच दुखावल्या. म्हणून मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "सोय इंदियो", मी इंडियन आहे. मागे उभ्या असलेल्या एका मुलाने हळूच समजावलं की इकडे इंदियो म्हणजे इथले मूळ रहिवासी, आणि तेही बरेचदा हिणवायला वापरतात, तुम्ही "दे ला इंदिया" म्हणा. काही जण आपल्याला "इंदू" म्हणतात, मग धर्म कुठलाही असो.

नंतर बसमध्ये तोच विचार चालू होता. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला, आपण पूर्वेकडच्या इंडीजला, म्हणजे भारताकडच्या मुलुखात पोचलो असं समजून तिथल्या माणसांना ते नाव देऊन बसला, आणि ५०० वर्षं उलटली तरी ते नाव त्यांना चिकटलेलंच आहे, वर त्याची शिवी झालीये. त्या बाईंना शेवटी नीट सांगितलं तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्याशी शेकहँड केला.

ट्राम_क्रमांक_नऊ
सांगितल्याने माया कमी होत नाही हो. नेदरलँड्समध्ये हेगला ट्रामने जाताना एका आजींनी मला थेट विचारलं, तू सुरिनामची का? १८७३ मध्ये लल्ला रूख नावाच्या जहाजाने भारतातल्या मजुरांची पहिली तुकडी सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत गेली, पुढे १९७५ ला तो देश स्वतंत्र झाला त्या सुमारास बरीच कुटुंबं नेदरलँड्समध्ये आली, त्यातल्याच या एक. त्यांची सारनामी भाषा मूळची भोजपुरी-अवधीकडची, त्यामुळे हिंदीच्या जोरावर मला निम्मं अर्धं कळत होतं. मी म्हटलं नाही आजी, मी भारतातूनच आलेय. त्यांनी माझा हात धरला तो त्यांचा स्टॉप येईपर्यंत सोडला नाही.

काउंटर_चार
माणसांशी बोलताना तुमच्या मनाला पटेल ते करा, पण कागदावर एक अक्षर चुकीचं राहू देऊ नका. चेक-इन करताना माझं राष्ट्रीयत्व इंडोनेशिया पडलं होतं. भारताचा कोड आयएनडी, त्यांचा आयडीएन, अक्षरं तीच फक्त जागा बदललेल्या. ट्रान्झिटला मला बाजूला काढलं आणि दीड तास उभं ठेवलं. तेव्हापासून प्रत्येक फॉर्म, हॉटेलच्या रजिस्टरची नोंदसुद्धा, मी स्वतः वाचतो. देव न करो पण परदेशात अटक झालीच तर आपल्या वकिलातीला कळवा असं सांगायचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहे, आणि त्यासाठी समोरच्याला आपला देश बरोबर माहीत असायला हवा.

अजून एक. २०१७ मध्ये अमेरिकेत कॅन्ससला श्रीनिवास कुचिभोतला याला गोळी घालून मारलं, मारणाऱ्याला तो आणि त्याचा मित्र इराणी वाटले होते. तेव्हा आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "अरेरे, पण तो तर भारतीय होता." मला ते वाक्य फार लागलं. इराणी असता तर चाललं असतं का? आपला देश सांगताना दुसऱ्याला पुढे ढकलत नाही ना, एवढं मी तेव्हापासून बघतो.

निळी_ओढणी
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच आईला शेजारी बसवून आजोबांना मेसेज पाठवला. लिहिलं की आम्ही हिंदिस्तानच्या, फेरीत सांगायचं राहिलं, चूक आमची, आणि बॅगेबद्दल पुन्हा थँक्यू. सोबत तो फोटोही टाकला. दोन टिक आल्यात, अजून वाचलेला नाही. आई दर पाच मिनिटांनी विचारतेय.