पुढचा ब्रेक पहिल्याच दिवशी शिकवावा का?

गिअरताई (पुणे)
गेली नऊ वर्षं बायकांना गिअरची दुचाकी शिकवते. बहुतेकजणी घरून एक धडा पाठ करूनच येतात: "हाताचा ब्रेक दाबायचा नाही, तोंडावर पडशील." हा धडा पुसायला जेवढे दिवस जातात तेवढे क्लच शिकवायलाही जात नाहीत.

माझं मत, पुढचा ब्रेक, म्हणजे हा उजव्या हाताचा, पहिल्या तासालाच शिकवावा. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होतं. नुसता पायाचा ब्रेक करकचून दाबला की मागचं चाक जाम होऊन गाडी फरफटते. आणि जिवावर बेतलं की विचार करायला वेळ नसतो, आधी जे अंगवळणी पडलंय तेच हातापायांतून निघतं.

मी सुरुवातीला इंजिन बंदच ठेवते. गाडी न्यूट्रलला, शिकणारीने बाजूने चालत ढकलायची आणि दोन बोटांनी लिव्हर हळूहळू आवळायची. पुढचे शॉकअप खाली बसताना तिला दिसतात. मग मी पलीकडून गाडी धरते आणि हँडल वळवून तेच करायला लावते. गाडी कशी अंगावर यायला बघते ते एकदा हाताला कळलं, की "हँडल सरळ असतानाच दाब" हे पुन्हा सांगावं लागत नाही.

कृष्णाकाठ (सांगली जिल्हा)
ताई, तुमचं मैदान सपाट असेल. आमच्याकडे उसाचा हंगाम लागला की रस्त्यावर पाचट, वळणावर खडी, शेताच्या तोंडाशी ट्रॅक्टरने आणलेला चिखल. तिथं नवख्याने पुढचा आवळला की चाक गेलंच. मागचं घसरलं तर निदान सावरायला वाव असतो. माझ्या पुतण्याचा गुडघा असाच फुटला.

आणखी एक. रेस आणि हा ब्रेक एकाच हातात. घाबरलेलं पोरगं ब्रेक ओढताना मूठही पिळतं. म्हणून आधी पंधरा दिवस क्लच आणि पायाचा ब्रेक, मग हाताचा. एका वेळी एकच गोष्ट.

अर्धा_क्लच
मी मागच्या वर्षी शिकले. शिकवणारे मागे बसून "ब्रेक! ब्रेक!" ओरडले, मी हाताला लागलं ते सगळं आवळलं. क्लच, ब्रेक, दोन्ही. गाडी आडवी. कुठला ब्रेक आधी हा वाद नंतर घाला, आधी मागे बसून ओरडणं बंद करा. घाबरल्यावर शब्द कानात शिरतच नाहीत.

गॅरेजवाला
एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडलेले) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), आणि त्याहून मोठ्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण शिकायला घरातली जुनीच गाडी बाहेर निघते. माझ्याकडे अशा गाड्या येतात तेव्हा मागचे लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) पार घासलेले आणि पुढचे जवळजवळ कोरे. वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांच्या गाड्या आहेत या. "मग हाताचा शिकवू" म्हणतात, तो दिवस बहुतेकांचा येतच नाही.

गिअरताई
कृष्णाकाठदादा, मुठीचा मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणूनच इंजिन सुरू केल्यावरही पहिला तास मी रेस देऊच देत नाही. सपाटीला पहिल्या गिअरमध्ये नुसत्या हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, गाडी चालते. उजव्या हाताला तेव्हा ब्रेक एवढंच काम. तुमचं "एका वेळी एक" मी पण पाळते, फक्त क्रम वेगळा. खडीच्या वळणावर पुढचा दाबू नये हेही मान्य. वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच उतरवायचा, आणि तिथे पुढचा लागतोच.

अर्धा_क्लच, मी मागे बसतच नाही. समोर वीस पावलांवर उभी राहते, हात वर केला की थांबायचं. नजरही आपोआप चाकाऐवजी समोर राहते.

कृष्णाकाठ
पाचटाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण गॅरेजवाल्यांनी लायनरचं लिहिलं म्हणून आत्ता उठून स्वतःची गाडी बघून आलो. पुढचे तसेच आहेत. वीस वर्षं चालवतोय.

रविवारी धाकट्या पुतण्याला शिकवायचंय. इंजिन बंद ठेवून ढकलायला लावतो, आधी डांबरावर, मग खडीवर. चाक सरकायचंच असेल तर चालताना सरकू दे.