नव्या नेत्याविरुद्ध लोक रस्त्यावर येतात तेव्हा: नाराजी, विरोध, निषेध, निदर्शने

धरणगावकर

तालुक्याच्या साप्ताहिकासाठी बातम्या लिहितो, त्यात एक अडचण वारंवार येते. एखाद्या पदावर नवा माणूस येतो. तो पक्षाने बाहेरून आणलेला उमेदवार असेल, पालकमंत्री असेल किंवा बाजार समितीचा सभापती असेल. लोकांना तो मान्य नसतो, ते रस्त्यावर येतात. बातमीत मग नाराजी, विरोध, निषेध, निदर्शने हे शब्द एकमेकांच्या जागी कसेही पडतात. संपादक म्हणतात, अर्थ एकच, मथळ्यात मावेल तो घाला. मला ते पटत नाही, पण फरक नेमका सांगताही येत नाही. जाणकारांनी लिहावं. अहिराणीत लोक काय म्हणतात तेही सांगावं.

धुळेकर

जिभाऊ, अर्थ एकच नाहीत. संपादकांना सांगा, विभक्ती बघा म्हणजे कळेल.

विरोध कशा*ला* असतो. निषेध कशा*चा* असतो. "निवडीला विरोध" म्हणतो, "निवडीचा विरोध" कानाला खटकतं, ती हिंदीची छाया आहे. "वक्तव्याचा निषेध" म्हणतो, "वक्तव्याला निषेध" कोणी म्हणत नाही. विरोध हा पुढे येणाऱ्या गोष्टीला अडवून उभा राहतो, म्हणून तो व्यक्तीलाही असतो आणि अजून न घडलेल्या गोष्टीलाही असतो. निषेध घडलेल्या कृतीचा असतो. उमेदवारी जाहीर होण्याआधी लोक जमले तर तो विरोध. जाहीर झाली, आणि ज्या रीतीने झाली ती लोकांना मान्य नाही, तर त्या रीतीचा निषेध. एकाच आठवड्यात तीच माणसं दोन्ही गोष्टी करू शकतात, आणि बातमीत ते दोन शब्दांनीच यायला हवं.

निषेधाचा मूळ संस्कृत अर्थ मनाई. "विधिनिषेध" या जोडशब्दात तो अजून जिवंत आहे. शिरपूर ओलांडून सेंधव्याकडे गेलं की हिंदी पाट्यांवर "प्रवेश निषेध" दिसतं, तिथे तो मनाईच आहे. मराठीने मात्र त्यातून "हे आम्ही धिक्कारतो" असा अर्थ घडवला. हिंदीत त्यासाठी "विरोध प्रदर्शन" म्हणतात. आपल्याकडे प्रदर्शन म्हणजे कृषी प्रदर्शन, किंवा अर्ज भरताना नेते करतात ते शक्तिप्रदर्शन. त्यामुळे हिंदी बातमीवरून मराठी करताना "लोकांनी प्रदर्शन केले" असं लिहू नका. असं छापलेलं मी वाचलं आहे आणि वाईट वाटलं.

आता निदर्शने. हा शब्द मला चारांमध्ये सगळ्यात मोलाचा वाटतो. सरकारी पत्रात आपण लिहितो, "आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की". निदर्शन म्हणजे दाखवून देणं. निदर्शने करणारा माणूस तेच करतो: आपलं म्हणणं सगळ्यांना दिसेल अशा जागी, सगळ्यांना दिसेल अशा रीतीने मांडतो. काळे झेंडे, दंडाला काळी फीत, हातातला फलक, ही सगळी दाखवण्याची साधनं. सायमन कमिशन ३ फेब्रुवारी १९२८ ला मुंबईत उतरलं तेव्हाही हरताळ आणि काळे झेंडेच होते. "गो बॅक" हे दोन शब्द तेव्हापासून आपल्या घोषणांत असे रुजले, की इंग्रजीची अक्षरओळख नसलेला माणूसही ते आपलेच समजून देतो.

राहिली नाराजी. या शब्दावर माझा आक्षेप आहे. नाराजी असते ती आपल्या माणसावरची. लग्नात मानपान राहिला की मामा नाराज होतात, मग कोणीतरी समजूत काढतं. १८ जानेवारी २०२५ ला राज्यातल्या पालकमंत्र्यांची यादी आली, दुसऱ्याच दिवशी नाशिक आणि रायगडच्या नेमणुकांना स्थगिती मिळाली. मित्रपक्षाच्या नेत्यांमध्ये जे चाललं होतं त्याला नाराजी म्हणणं बरोबर होतं, कारण ते एकाच घरातलं होतं. पण रायगडात समर्थकांनी महामार्गावर टायर पेटवले तेव्हा ती नाराजी राहिली नव्हती, तो उघड विरोध झाला होता. आणि ज्यांचा त्या घराशी संबंधच नाही, असे कापूस उत्पादक, आशा सेविका, वसतिगृहाची मुलं जेव्हा नव्या मंत्र्यापुढे उभे राहतात, तेव्हा "मंत्र्यांवर नागरिकांची नाराजी" लिहिणं म्हणजे त्यांची मागणी पुसून तिथे रुसवा लिहिणं. रुसव्याची समजूत काढता येते. मागणीला उत्तर द्यावं लागतं.

अहिराणीबद्दल आमच्या भागापुरतं सांगतो. घोषणा मराठीत किंवा हिंदीत होतात, बोलणं अहिराणीत होतं. "हाऊ आमना नही" एवढंच म्हणतात. त्यात विरोध, निषेध, नाराजी सगळं येतं.

चाळीसगावकर

धुळेकर आबा, बाकी सगळं मान्य, एका ठिकाणी अडतो. "आमना नही" हे नेमलेल्या माणसाबद्दल ठीक. निवडून आलेल्याबद्दल तसं म्हणता येईल का?

अमेरिकेचं उदाहरण घ्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांत लोक रस्त्यावर आले आणि घोषणा होती "नॉट माय प्रेसिडेंट". शपथविधी २० जानेवारी २०१७ ला झाला आणि २१ ला महिलांचे प्रचंड मोर्चे निघाले. हिलरी क्लिंटन यांना देशभरात मिळून सुमारे २९ लाख मतं जास्त होती हे खरं. पण तिथला नियम राज्यवार प्रतिनिधींचा, आणि त्या नियमाने ट्रम्पच जिंकले होते. मग "माझा नाही" याला मराठीत काय म्हणायचं? विरोध म्हणावं तर निवड होऊन गेली. निषेध म्हणावा तर कारभाराची एकही कृती अजून घडलेली नाही. मला तरी तो निकाल न स्वीकारणं वाटतो, आणि त्याला चांगला शब्द देऊन आपण सन्मान देऊ नये. उद्या आपल्या ग्रामपंचायतीत हरलेली बाजू हेच म्हणेल.

जाता जाता: ट्रम्प राष्ट्राध्यक्ष, राष्ट्रपती नव्हेत. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा बाईमाणसाला "पती" कसं म्हणायचं यावर चर्चा झडली होती. पती म्हणजे स्वामी, पदाचं नाव बदलायची गरज नाही, असंच शेवटी ठरलं आणि ते योग्यच झालं.

शहादेकर

मी नंदुरबार जिल्ह्यातली, म्हणून आमच्याकडचे दोन शब्द आणते. धुळेकर दादांच्या यादीत ते राहिले.

पहिला बिऱ्हाड मोर्चा. साधा मोर्चा संध्याकाळी घरी जातो. बिऱ्हाड मोर्चात लोक भांडीकुंडी, पीठ, सरपण, लेकरं घेऊन निघतात आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच चूल मांडतात. वनहक्काच्या दाव्यांसाठी आमच्या सातपुड्यातले लोक असे चालत गेले आहेत. ही शक्ती "धरणे" या शब्दात नाही. नवा मंत्री आला की पहिल्या महिन्यात आश्वासन देतो हे लोकांना ठाऊक असतं, म्हणून ते मुक्कामाच्या तयारीनेच जातात. बातमीत "आदिवासींचे ठिय्या आंदोलन" असं आलं की अर्धी गोष्ट गळते.

दुसरा उलगुलान. हा शब्द मुंडारीतला, अर्थ मोठी उलथापालथ, बिरसा मुंडांच्या लढ्यातला. १८९९-१९०० चा तो उठाव झारखंडकडचा, पण आज धडगाव-अक्कलकुव्याच्या सभांमध्येही तो घुमतो. त्याचं "बंड" असं भाषांतर करू नका. मराठी राजकारणात बंड म्हणजे तिकीट न मिळाल्याने भरलेला अपक्ष अर्ज, आणि तो अर्ज मागे घेतला की बंड "शमतं".

मिरवणूक या शब्दाबद्दलही लिहावंसं वाटतं. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात गेले. तो शाळकरी मुलगा होता. त्या दिवसाच्या वर्णनात "मिरवणूक" असा शब्द भेटतो. म्हणजे सत्तेविरुद्ध तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांची ती मिरवणूक होती. आता मिरवणूक निवडून आलेल्याची निघते, गुलाल आणि डीजेसह, आणि लोकांच्या वाट्याला मोर्चा आला. शब्द कसा एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला, हे शाळेत शिकवताना मुलांना मी आवर्जून सांगते.

धुळेकर

ताई, बिऱ्हाड मोर्चा राहायला नको होता. मोर्चाबद्दल भर घालतो. फारसीत मूर्चाल म्हणजे खंदक, तटबंदीसमोरची लढाईची जागा. त्यातून आपला मोर्चा आला. मूळ अर्थ "मोर्चेबांधणी"त टिकून आहे. गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे: पदासाठी नेते करतात ती मोर्चेबांधणी आणि त्या पदाविरुद्ध लोक काढतात तो मोर्चा, दोन्ही एकाच खंदकातून निघाले.

धरणे मात्र लढाईतून आलेलं नाही, ते देणेकऱ्याच्या ओट्यावरून आलं. येणं वसूल करायला देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचं, म्हणजे पाप त्याच्या माथी. ही चाल इतकी पसरलेली होती की १८६० च्या भारतीय दंड संहितेत, कलम ५०८ खाली, दैवी कोपाची भीती घालण्याचं उदाहरण म्हणून धरणे बसणंच दिलं होतं. त्याचाच सख्खा भाऊ त्रागा. गुजरातेत भाट-चारण आपल्या हमीचा शब्द मोडला गेला तर स्वतःच्या अंगावर जखमा करून घेत, तो त्रागा. आपण आज "उगाच त्रागा करू नको" म्हणतो, त्यात ते रक्त उरलेलं नाही. पण या दोन्ही शब्दांत एक गोष्ट पक्की आहे: जो बसतो त्याचं येणं आहे, आणि ज्याच्या दारात बसतो तो देणं लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयापुढे धरणे धरणारे लोक भीक मागत नसतात.

आता चाळीसगावकर, तुमचा मुद्दा. तुम्ही म्हणता निवड झाली की विरोध संपला. मला वाटतं निवड झाली की *निवडीला* विरोध संपतो. मतपेटीचा निकाल मान्यच करायला हवा, त्यात मी तुमच्याबरोबर आहे. पण माणसाने प्रचारात जे जाहीर केलं ते करण्याची सत्ता आता त्याच्या हातात आली, म्हणून विरोध त्या धोरणाला होतो. २१ जानेवारी २०१७ चे मोर्चे बायकांचे होते, आणि त्यामागे त्या उमेदवाराचं बायकांबद्दलचं जाहीर झालेलं बोलणं होतं. बोलणं ही कृतीच आहे. तिथे निषेध शब्द पूर्ण बसतो, आणि तो केल्याने निकाल नाकारला जात नाही. "माझा नाही" या घोषणेचा मराठी अर्थ "याच्या बोलण्यात मी सामील नाही" असा घ्यावा. हरलेल्या बाजूने निकालच खोटा म्हणणं वेगळं, त्याला निकाल नाकारणं असंच सरळ म्हणावं, निषेध म्हणू नये. एवढी रेघ ओढली तर तुमच्या ग्रामपंचायतीची भीती उरत नाही.

भुसावळकर

हरताळ वर आला म्हणून. बंदच्या अर्थाचा हरताळ म्हणजे हाट आणि ताळा, दुकानाला कुलूप, गुजरातीत हडताल. "तत्त्वांना हरताळ फासला" यातला हरताळ निराळा: तो हरिताल नावाचा पिवळा खनिज रंग, पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला लावत. त्यामुळे "व्यापाऱ्यांनी हरताळ फासला" हे चूक, व्यापारी हरताळ पाळतात.

धरणगावकर

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका. नव्या पालकमंत्र्यांच्या दौऱ्यात चार पोरांनी काळे झेंडे दाखवले, पोलिसांनी त्यांना गाडीत बसवलं, दौरा संपल्यावर सोडलं. पोलिसांचं निवेदन येतं "गोंधळ घालणाऱ्यांना अटक". हे छापावं का?

धुळेकर

दोन्ही शब्द तपासून छापा, जिभाऊ. अटक ही कायद्याची बाब आहे, तिची नोंद होते, कारण सांगावं लागतं. बसवून ठेवलं आणि सोडलं, तर "ताब्यात घेतलं" लिहा. नोंद झाली असेल तर "अटक व सुटका". दौऱ्याआधीच घरी पोलिसांची नोटीस, म्हणजे गुन्हा करू नका अशी आगाऊ ताकीद, गेली असेल तर तेही लिहा. पूर्वी तिला सगळे "१४९ ची नोटीस" म्हणत, १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६८ झालं आहे. जमावबंदी होती का हेही विचारा, कारण जिल्ह्यात बहुतेकदा पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा आदेश लागू असतो आणि लोकांना त्याचा पत्ता नसतो.

गोंधळ हा पोलिसांचा शब्द आहे, तो त्यांच्या तोंडी अवतरणात ठेवा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात पोरांनी काय केलं ते लिहा: झेंडे दाखवले, घोषणा दिल्या, कापसाच्या भावाची मागणी केली. मागणी पहिल्या ओळीत घ्या. आणि क्रियापद अनेकवचनी ठेवा, "निदर्शने केली". "निदर्शन केले" असं एकवचनात लिहिलं की ते उदाहरण दिल्यासारखं वाटतं.