पाणाड्याचा नारळ आणि शनिवारची बैठक : विवेकी गटात जाऊन शेतकऱ्याला काय मिळतं?

ज्वारीचं कणीस :

परवा 'बांधावरून' यांनी लिहिलं की तर्कशुद्ध विचार करणारे, अडचणी सोडवणारे म्हणवणारे ऑनलाइन गट म्हणजे पोट भरलेल्या शहरी लोकांचा विरंगुळा. तिथे जाऊन कुणाचा बांधाचा वाद मिटला नाही, कुणाच्या विहिरीला पाणी आलं नाही, म्हणून शेतकऱ्याने त्यांच्या नादी लागू नये. तिथेच दोन ओळी लिहायला बसले होते, पण हात थांबेना, म्हणून वेगळा धागा काढते.

विहिरीचं नाव तुम्हीच काढलंत, तर विहिरीचंच सांगते. आमचं रान माण तालुक्यात. २०१५ ते २०१९ या काळात सासऱ्यांनी चार बोअर मारल्या आणि चारही वेळा पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारा, आणला. पहिल्याने तळहातावर आडवा नारळ ठेवून रानभर फेऱ्या मारल्या आणि नारळ उभा राहिला तिथे चुन्याने फुली केली. ४२० फुटांपर्यंत नुसता फुफाटा. दुसरा पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला होता, हातात उंबराची बेचकी. तीही कोरडी. तिसरीला दीड इंच पाणी लागलं, ते फेब्रुवारीत आटलं. चौथीसाठी माझ्या पाटल्या मोडल्या. तीही कोरडी.

आमच्या घरात आजही म्हणतात, 'तिसऱ्याने पाणी काढून दिलं होतं.' बाकीच्या तिघांची नावं कुणालाच आठवत नाहीत.

चौथीनंतर दिराच्या मुलीने मला अशाच एका ऑनलाइन गटात घातलं. शनिवारी रात्री नऊला पंधरा-वीस जण व्हिडिओवर बसतात. ज्याची अडचण असेल त्याने आधी सांगायचं, आपण स्वतः काय पाहिलं आणि नुसतं काय ऐकलं. आणि आपलं म्हणणं चुकीचं असेल तर ते कशावरून कळेल, हेही सांगायचं. मी विचारलं, पाचवी बोअर कुठे मारू? एका बाईंनी उलट विचारलं, वाडीत आजवर किती बोअर झाल्या, किती फूट गेल्या, मार्चनंतर किती चालतात? मला माहीत नव्हतं. सरपंचांनाही माहीत नव्हतं.

मी आणि नणंदेने दीड महिना घरोघर फिरून वही भरली. ६३ बोअर निघाल्या. मार्चनंतर पाणी देणाऱ्या १९, आणि त्यातल्या १४ ओढ्याच्या दोन्ही अंगांना. आमचं रान माळावर. सासऱ्यांनी वही दोनदा वाचली आणि पाचवी बोअर मारायचा विषय स्वतःच सोडला. जुन्या विहिरीतला गाळ काढला, ओघळीत दगडी बांध घातले, उसाचा तुकडा मोडला. गेल्या वर्षी एप्रिलअखेर विहिरीत दीड परस, म्हणजे दीड माणूस उंच, पाणी होतं.

मला हे त्या गटाने शिकवलं. म्हणून 'जाऊ नका' हे वाचून राग आला.

बांधावरून :

ताई, तुमचं दुःख खोटं म्हणत नाही. पण २०१९ नंतर सलग तीन-चार वर्षं पाऊस चांगला झाला. तुमच्या विहिरीला पाणी पावसाने आणलं, शनिवारच्या बैठकीने नाही. 'आपलं चुकीचं असेल तर कशावरून कळेल' हा तुमचाच नियम ना? मग तो तुमच्या विहिरीलाही लावा.

आणि पाणाड्यांना असं सरसकट झोडपू नका. माझे सख्खे मामा पाणाडी होते. आयुष्यात कुणाकडून पैसा घेतला नाही. नारळ, सुपारी आणि शिधा, एवढंच. १९७२च्या दुष्काळात त्यांनी दाखवलेल्या विहिरीवर अख्खी वस्ती जगली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचा अख्खा अध्याय भूगर्भातल्या पाण्यावर आहे. कोणतं झाड असलं की कोणत्या दिशेला, किती पुरुष (म्हणजे परस) खोल पाणी लागेल, ते लिहून ठेवलंय. दीड हजार वर्षांचं ज्ञान चार लोकांनी मोबाइलवर बसून रद्द करायचं?

अभियंता कोथरूड :

मामांच्या आठवणी हा पुरावा नव्हे. १९९० साली जर्मनीत कासल इथे ३० पाणाड्यांची चाचणी झाली. मैदानाखाली अर्ध्या मीटरवर नळी पुरली होती आणि ती कुठे आहे हेही पट्टी मारून दाखवलं होतं. आता नळीतून पाणी वाहतंय की नाही, एवढंच सांगायचं होतं. चाचणी न्याय्य आहे असं सगळ्यांनी आधी सही करून दिलं होतं. निकाल नाणं उडवून सांगावं तसाच आला. विषय संपला. २१व्या शतकात नारळ घेऊन रानात फिरणाऱ्यांची बाजू घेणं हा अडाणीपणा आहे, आणि अशा लोकांमुळेच शेतकरी कर्जात बुडतो.

सुईधागा :

याच भाषेमुळे मी अशाच एका गटातून बाहेर पडले.

मी गेले होते मुलाच्या फिटसाठी. घरचे त्याला अंगारा लावायला नेत होते. गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत, फिट आली की तोंडात चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचं, वेळ लिहून ठेवायची, हे तिथल्या एका डॉक्टर बाईंनी नीट समजावलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण आषाढात मी सहज लिहिलं की वडील चाळिसाव्या वारीला निघालेत, तर एकाने लिहिलं, 'चाळीस वर्षं पाय झिजवून काय पदरात पडलं?' पाच-सहा जणांनी त्याला अंगठे दिले. कुणी एक शब्द बोललं नाही. वडिलांनी वारीत दारू सोडली, आमचं घर त्यावर उभं राहिलं. हे मी त्यांना सांगितलंसुद्धा नाही. त्याच रात्री निघाले.

डॉ. दाभोलकरांनी १९८९मध्ये अंनिस सुरू केली तेव्हापासून ते सांगत राहिले की विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. २०१३च्या २० ऑगस्टला त्यांना पुण्यात गोळ्या घातल्या. ज्यांनी त्यांचं नाव लावायचं, त्यांनी हे वाक्य तरी पाळावं.

बांधावरून :

अडाणी कोणाला म्हणता? माझं शिक्षण कृषी पदविकेपर्यंत झालंय आणि माझी द्राक्षं युरोपात जातात. तुमचं जर्मनीचं मैदान आणि आमचा माळ यात काही फरक आहे का, हे तरी विचारलंत का? नळीतलं पाणी वेगळं आणि खडकातलं पाणी वेगळं. आणि कर्जात शेतकरी पाणाड्यामुळे नाही, भावामुळे बुडतो. कांदा काय भावाने विकला जातो ते एकदा बाजार समितीत उभं राहून बघा.

खडकवाचक :

मी भूजल सर्वेक्षणात ३१ वर्षं नोकरी केली, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्या राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा. पाणी राहतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्या खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. काळ्या अखंड पाषाणात पाणी नसतं. ज्वारीताईंच्या ४२० फुटांतले बरेचसे फूट त्याच पाषाणात गेले असणार. आता ओढ्याकाठी, खोलगट भागात कुणीही, कशानेही खूण केली तरी थोडंफार पाणी लागतंच. खरी परीक्षा एकच. पाणाड्याने 'इथे नाही' म्हटलं, तिथेही बोअर मारून बघायची. ती कुणी मारत नाही, कारण त्यासाठी पैसे कोण घालणार? म्हणून पाणाडी कधी खोटा ठरत नाही.

पण कोथरूडकर, तुम्हीही घाई करता. चाळीस वर्षं रान पाहिलेला माणूस उतार, झाडोरा, जमिनीची ओल वाचत असतो. ते वाचन त्याच्या हातात नकळत उतरतं आणि त्याला वाटतं, नारळ फिरला. तो लबाड नसतो. दकार्गलात जांभूळ, उंबर, वारूळ यांच्या खुणा आहेत. ती निरीक्षणं आहेत आणि त्यांची शहानिशा करता येते. मामांनी झाड बघून सांगितलं असेल तर मी त्यांच्याकडे शिकायला बसलो असतो. नारळाचं मात्र मला कुणी कधी पटवून देऊ शकलं नाही.

द्राक्षवाला निफाड :

साहेब, तुमच्या यंत्राचंही सांगा की. जमिनीत वीज सोडून रोधकता मोजणारा एकजण आणला, पाणाड्याच्या दसपट फी दिली, त्याने रंगीत नकाशा दिला. दोन्ही बोअर कोरड्या. पाणाडी निदान त्याच दिवशी मोटारसायकलवर येतो आणि चहा पिऊन जातो.

खरा चोर वेगळाच आहे. जागा दाखवणारा आणि बोअरची गाडी आणणारा एजंट आतून एक असतात. फुटाला दर असतो, त्यामुळे 'अजून पन्नास फूट बघू' म्हणण्यात दोघांचाही फायदा. माझ्याकडून रात्री दोन वाजता सहाशे फुटांचे पैसे घेतले. २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, म्हणजे दोनशे फूट. आमच्या तालुक्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट रोज चालतं. विवेकवाल्यांनी नारळामागे लागण्यापेक्षा त्या गाड्या अडवाव्यात.

खडकवाचक :

एजंटाबद्दल बरोबर बोललात. आणि यंत्रही चुकतं, मी स्वतः चुकलोय. फरक एवढाच की माझी चुकलेली जागा कार्यालयाच्या नोंदवहीत माझ्या सहीने पडायची आणि पुढचा माणूस ती बघून शहाणा व्हायचा. हिवरे बाजार या गावात पावसाळा संपला की पाण्याचा हिशोब ग्रामसभेत मांडतात आणि शेतीसाठी बोअर मारायला बंदी आहे. तिथे नारळ की यंत्र हा वादच उरला नाही. विलासराव साळुंख्यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदरमध्ये पाणी पंचायत उभी केली. माणशी पाणी वाटून दिलं, भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसाला पाणी नाही म्हणून सांगितलं. तेही इंजिनिअरच होते, पण नायगावात जाऊन राहिले. अडचण सोडवणं याला म्हणतात.

अभियंता कोथरूड :

'अडाणी' हा शब्द मागे घेतो. बाकी सगळं कायम. सुईधागा यांना जे ऐकावं लागलं ते चूकच होतं. पण पाच-सहा जणांच्या वागण्यावरून सगळे गट वाईट म्हणायचे, हाही त्यांचा अनुभवच झाला, पुरावा नव्हे.

सुईधागा :

मी सगळे गट वाईट म्हटलेलं नाही. मी निघाले, एवढंच सांगितलं. आणि शब्द मागे घ्यायला तुम्हाला खडकवाचकांनी समजावून सांगावं लागलं. बांधावरून चिडले तेव्हा तुम्हाला तो बोचला नाही.

सह्याद्रीचा पायथा :

महाडकडचा आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे लाल विंचू चावला की मांत्रिक आणि मग सरण, असं आजीने पाहिलंय. डॉ. हिम्मतराव बावस्कर त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून नाडी, घाम, श्वास लिहीत गेले आणि त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपाय निघाला. पूर्वी शंभरातले तीस-चाळीस जायचे, आता एखादा. त्यांनी मांत्रिकाशी वाद घातला म्हणून लोक दवाखान्यात यायला लागले नाहीत. माणसं उठून घरी चालत जायला लागली म्हणून यायला लागले.

ज्वारीचं कणीस :

बांधावरून, पावसाचं तुमचं म्हणणं मान्य करावंच लागेल. लिहिताना मी ते सोडून दिलं होतं. २०२३ला पावसाने दगा दिला तेव्हा आमची विहीर मार्चलाच संपली, टँकर घ्यावा लागला. बांधांनी नक्की किती पाणी वाढवलं हे मला सांगता येणार नाही. पण पाचव्या बोअरचे पैसे घरात राहिले. त्याच वर्षी धाकटीच्या नर्सिंगची फी त्यातून भरली. ते पाऊस असता-नसता तरी राहिलेच असते.

वारीच्या बाबतीत आमच्या गटातही असे दोघे होते. त्यांना सांगून पाहिलं. एक सुधारला, एक गेला. गेला त्याची मला खंत नाही.

बांधावरून :

काल रात्री मामांची डायरी काढली. १९६८ ते १९९४. तारीख, गाव, मालकाचं नाव, किती परसावर पाणी, सगळं सुवाच्य अक्षरात. दोनशेच्या वर नोंदी आहेत. कोरडी गेलेली एकही नाही. मामीला विचारलं तर ती म्हणाली, गेलेल्याचं कशाला लिहायचं, मालकाला वाईट वाटतं.

मामा लबाड नव्हते, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण ती डायरी तुमच्या वहीपुढे ठेवता येणार नाही, हे दिसलं. मामीला ८१ वर्षं झालीत, तिला अजून गावं आठवतात. कोरड्या गेलेल्या लिहून घेतोय. काल अकरा झाल्या. तुमच्या वहीत रकाने कोणते होते ते टाका. आणि शनिवारच्या बैठकीत कोथरूडकर असतील तर मी येणार नाही, हे आधीच सांगतो.

ज्वारीचं कणीस :

ते आमच्या गटात नाहीत. रकाने असे : गट नंबर, साल, जागा कोणी दाखवली, रान माळ की ओढ्याकाठ, किती फूट, ओल किती फुटांवर, लागली तेव्हा किती इंच, मार्चनंतर किती, एकूण खर्च. खर्चाच्या रकान्यात लोक आकडा सांगताना थांबतात, घाई करू नका. मामींना सांगा, मालकाचं नाव नाही लिहिलं तरी चालेल.