लक्षणे नसतानाही तपासणी

'काहीच त्रास होत नसताना लैंगिक आजारांची तपासणी कशासाठी करायची, आणि करायची तर जायचे कुठे' या प्रश्नावर थोडे लिहितो. क्लॅमिडिया किंवा परमा (गनोरिया) या लैंगिक आजारांची लक्षणे, विशेषतः स्त्रियांमध्ये, अनेकदा जाणवतच नाहीत. उपदंशाचा (सिफिलिसचा) पहिला व्रण तर सहसा दुखत नाही आणि औषधाविनाही भरून येतो, त्यामुळे माणूस निश्चिंत होतो, पण संसर्ग शरीरात तसाच राहतो. ज्यांचे जोडीदार बदलतात त्यांनी वर्षातून एकदा तरी, आणि जोडीदार अनेक असल्यास दर ३ ते ६ महिन्यांनी तपासून घ्यावे.

जिल्हा रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, एचआयव्हीची चाचणी मोफत होते. इतर लैंगिक आजारांसाठी शासनाचे 'सुरक्षा क्लिनिक' असते. जवळचे केंद्र १०९७ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा केसपेपरच्या खिडकीतून 'कशासाठी?' हा प्रश्न मागची रांग ऐकेल इतक्या मोठ्याने आला (नुसते 'आयसीटीसी' म्हटले असते तरी चालले असते, हे नंतर कळले), पण आत समुपदेशकांनी दार लावून घेतल्यावरच बोलायला सुरुवात केली. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेल्या चाचणीवर मात्र विसंबू नये. संसर्गाविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे दिसायला वेळ लागतो, म्हणून त्यांवर आधारित एचआयव्ही चाचणी ३ महिन्यांनी पुन्हा करावी, आणि संबंधाला ७२ तास उलटलेले नसतील तर आधी डॉक्टरांना एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारावे.