'विश्वासणाऱ्यांद्वारे', 'हातून' की 'ठायी'?

अनुस्वार: एका इंग्रजी ख्रिस्ती भक्तिपर पुस्तिकेचं मराठी करतोय. "देव विश्वासणाऱ्यांमार्फत काम करतो, त्याच्यावर भिस्त ठेवा" हा आशय पानोपानी आहे. मी 'विश्वासणाऱ्यांद्वारे' लिहिलं, मुद्रितशोधकांनी सगळीकडे 'हातून' केलं. बरोबर काय?

कानामात्रा: 'द्वारे' साधनाला लागतं. पत्राद्वारे कळवतात, बँकेद्वारे पैसे धाडतात. माणसाला लावलंत की माणसाचा नळ होतो. 'हातून' उत्तम. कप हातून फुटतो, पुण्यही हातूनच घडतं. दोन्हीकडे 'मी केलं' ही मिजास नाही. बायबलच्या नव्या करारात प्रेषितांची कृत्ये 19:11 मध्ये, देव प्रेषित पौलाकडून चमत्कार घडवतो तिथे, तर मूळ ग्रीकच 'पौलाच्या हातांनी' असं आहे.

उंबरठा: तिथे चमत्कार आहेत, बाहेर दिसणारं काम. पौलाच्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातल्या 2:13 ला 'हातून' लावून बघा, फसेल. तिथे ग्रीक शब्दयोगी 'एन' आहे, म्हणजे आत. आणि देव कृतीच नव्हे, इच्छाही घडवतो. इच्छा कुणाच्या हातून होत नाही. म्हणून मराठी बायबलात 'तुमच्या ठायी' आहे. शिवाय ग्रीकमधलं 'तुम्ही' अनेकवचनी आहे, अख्ख्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला उद्देशून. मराठीत ते आदरार्थी एकवचन वाटू शकतं, तेव्हा 'तुम्हा सर्वांच्या ठायी' करा.

पोटफोड्या ष: 'ठायी' आज कोण बोलतं? सरळ 'देव आपल्याकडून करवून घेतो' म्हणा की.

उंबरठा: मुकादमही करवून घेतो, मजुराची इच्छा असो-नसो. इथे इच्छाच देवाने दिलेली आहे, हा फरक 'करवून' खाऊन टाकतं. त्यापेक्षा जुनी जोडी बघा: 2:12 मध्ये 'आपले तारण (पापातून सुटका) साधून घ्या', 2:13 मध्ये 'साधून देणारा' देव. ग्रीकमध्ये दोन क्रियापदं वेगळी, पण मूळ एकच, 'एर्गोन' म्हणजे काम. मराठीने धातू एक ठेवून घेणे-देणे एवढंच बदललं. माणसाचे कष्टही राहिले आणि देणाराही राहिला.

पोटफोड्या ष: आणि 'साधून घेतलं' म्हटल्यावर डाव साधणारा पुढारी आठवतो त्याचं काय? त्यात पुन्हा 'तारण साधून घ्या'! मंडळीबाहेरच्या वाचकाला वाटेल पतपेढीत सोनं गहाण टाकायला सांगताहेत.

कानामात्रा: शब्द एकच आहे हो. कर्ज बुडू नये म्हणून जे तारतं ते तारण. देणेकऱ्याच्या जागी पापी माणूस ठेवा, अर्थ चपखल बसतो.

पोटफोड्या ष: बसत नाही. बँकेत तारण आपण ठेवतो, इथे ते आपल्याला मिळतं. दिशा उलटी. 'मुक्ती' का नको? पंडिता रमाबाईंनी केडगावच्या संस्थेला तोच शब्द दिला.

उंबरठा: 'मुक्ती' म्हटलं की जन्ममरणाचा फेरा आपसूक मागे येतो. पौल त्याबद्दल बोलत नाही.

अनुस्वार: 'मुक्ती' पुस्तिकेत एकदाच आलाय. 'द्वारे' एकेचाळीस वेळा.

कानामात्रा: मग एकेचाळीसही जागा वेगवेगळ्या तपासा. आजाऱ्याची सेवा, अन्नवाटप असेल तिथे 'हातून'; मन पालटणं, धीर येणं असेल तिथे 'ठायी'. सरसकट बदल केला की "तुमच्या हातून तुमचा विश्वास वाढतो" असली वाक्यं छापून येतात.

पोटफोड्या ष: आणि 'विश्वासणारे' तसंच ठेवणार? 'विश्वासणे' हे क्रियापद चर्चच्या आवाराबाहेर कधी ऐकलंय कुणी?

उंबरठा: मग 'श्रद्धावंत' घाला आणि पुढच्या ओळीत 'श्रद्धावंत नसलेले' लिहून दाखवा. 'न विश्वासणारे' एका दमात होतं.