रोजच्या स्पोर्ट्स कारला सेमी-स्लिक? नवख्यांना हा सल्ला देऊ नका

ओली_सकाळ

"स्पोर्ट्स कार घेतलीस ना, मग सेमी-स्लिकच घाल. ट्रेडवेअर २०० च्या वरचा टायर म्हणजे त्या गाडीचा अपमान." हा सल्ला शेवटचा_लॅप यांनी काल एका नवख्या मुलाला दिला. (सेमी-स्लिक म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकसाठीचे, कमी खोबणींचे टायर. ट्रेडवेअर म्हणजे टायर किती हळू झिजतो याचा आकडा; आकडा लहान तितकं रबर लवकर झिजणारं.) त्या मुलाने स्वच्छ लिहिलं होतं की त्याच्याकडे ही एकच गाडी आहे आणि तो रोज कामावर तिनेच जातो. तरीही खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

सेमी-स्लिकचं रबर तापलं की चिकटतं. ट्रॅकवर ते दोन लॅपमध्ये तापतं, कारण तिथे प्रत्येक वळणावर तुम्ही टायर पिळून काढता. घरातून निघून पहिल्या सिग्नलपर्यंत जाताना टायर कुठून तापणार? त्यात नव्या सेमी-स्लिकच्या खोबणी मुळातच उथळ आणि मोजक्या. पाणी बाहेर जायला वाटच नाही. गाडी हलकी आणि टायर रुंद असेल तर रबराच्या प्रत्येक इंचावर भार कमी पडतो, आणि ती पाण्यावर तरंगायला लवकर लागते.

हे मी स्वतः भोगलं आहे. रात्री पाऊस पडून गेला होता, सकाळी रस्ता नुसता ओलसर होता. गोल चौकात दुसऱ्या गिअरवर थोडा थ्रॉटल दिला आणि मागची बाजू काहीही न सांगता निघून गेली. गाडी फिरून उलट्या तोंडाने उभी राहिली. समोरून बस येत होती. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून मी आज हे लिहितोय. टायर जवळजवळ नवे होते, हवा बरोबर होती, वेग तर शहरातलाच.

रस्त्यासाठी टायर निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: थंड टायर आणि ओला रस्ता असताना हा पहिल्या किलोमीटरला कसा वागतो? मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, कॉन्टिनेन्टल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७ या जातीचे टायर नेमके याच कामासाठी केलेले आहेत.

शेवटचा_लॅप

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर पूर्ण संदर्भही द्यायचा होता. त्या मुलाने ट्रॅकवर जायचंय असंही लिहिलं होतं. ते वाक्य तुम्ही गाळलंत.

आता कोरड्या रस्त्याचा हिशोब करू. सेमी-स्लिकची पकड (घर्षणाचा गुणांक) १.० आणि साध्या टायरची ०.९ धरा. ताशी १०० किमीवरून पहिली गाडी साधारण ३९ मीटरमध्ये थांबते, दुसरीला ४४ लागतात. पहिली जिथे थांबते तिथे दुसरी अजून ताशी ३० किमीपेक्षा जास्त वेगात असते. समोर मूल आलं तर हाच फरक जीव वाचवतो. वर्षातले बहुतेक दिवस रस्ता कोरडाच असतो ना? तुमच्या एका सकाळीवरून सगळ्यांनी पकड सोडायची का? आणि ओलसर रस्त्यावर चौकात थ्रॉटल देणारा पाय टायरचा नव्हता.

ओली_सकाळ

पाय माझा होता, मान्य. ट्रॅकचं वाक्य राहून गेलं, तेही मान्य. पण त्याने "कधीतरी जमलं तर" असं लिहिलं होतं.

आता तुमचाच हिशोब पावसात करून बघा. रस्त्याच्या टायरची पकड ०.६, सेमी-स्लिकची ०.५, वेग ८०. एक गाडी ४२ मीटरवर थांबते, दुसरी ५० वर. पहिली थांबली त्या जागी दुसरी तेव्हाही ताशी ३० च्या वरच असते. म्हणजे तुमचं मूल माझ्याही रस्त्यावर आहे. आणि तुम्ही कोरड्यासाठी धरलेला १.० हा तापलेल्या सेमी-स्लिकचा आकडा आहे. थंड सकाळी तो कुठून आणणार?

साधं_रबर

तुम्ही दोघेही पकडीच्याच मागे लागला आहात. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी८६ ही स्पोर्ट्स कार आणली तेव्हा तिला २१५/४५ आर१७ मापाचे मिशेलिन प्रायमसी दिले. टोयोटाच्याच हायब्रिड प्रियसचे टायर म्हणून लोकांनी नावं ठेवली. पण अभियंत्यांनी ते जाणूनबुजून निवडले होते. पकड मर्यादित ठेवली की गाडी कमी वेगात घसरू लागते, हळूहळू घसरते आणि चालवणारा शिकतो. माझी मागच्या चाकांवर चालणारी छोटी रोडस्टर १९५ मिमी रुंदीच्या टायरवर इतकी बोलकी होती की तिने मला गाडी चालवायला शिकवली. मग कुणाचं तरी ऐकून २२५ घातले. स्टिअरिंग जड झालं, मुकं झालं, आणि घसरायची वेळ येईपर्यंत वेग इतका वाढलेला असायचा की चूक सावरायला जागा उरायची नाही. सहा महिन्यांनी परत १९५ वर आलो.

शेवटचा_लॅप

तुमच्या शिकण्यासाठी समोरच्या गाडीने पाच मीटर जास्त पुढे राहायचं का? सार्वजनिक रस्ता ही घसरायला शिकायची जागा नाही. या "कमी पकड म्हणजे मजा" वाल्यांचा मला मनापासून राग येतो. माझा मित्र अशाच टायरवर घाटात कठड्याला जाऊन धडकला. खांद्यात अजून धातूची पट्टी आहे.

साधं_रबर

मित्राचं वाईट वाटलं. पण तो किती वेगात होता हे तुम्ही लिहिलं नाहीत.

शेवटचा_लॅप

ते तुम्हाला सांगायला मी बांधील नाही.

चार_आकडे

तुम्ही सगळे कंपाउंडवर, म्हणजे रबराच्या मिश्रणावर, भांडताय. तुमच्या टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे शेवटचे कधी वाचले होते? पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स कार वर्षाला फार चालत नाही, तिचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. मला या विषयातला सगळ्यात मोठा धोका हाच वाटतो आणि तो कुणी काढतच नाही.

मी एक कमी चाललेली गाडी घेतली होती. टायरवर ६ मिमी ट्रेड (खोबणींची खोली), चकचकीत, विकणाऱ्याने "अगदी नव्यासारखे" सांगितलं, मीही खूश. पहिल्याच पावसात ब्रेक मारला तर एबीएस खडखडत राहिलं आणि गाडी थांबेचना. कोड पाहिला, नऊ वर्षांचे टायर! नखाने दाबलं तरी रबर दबत नव्हतं.

२०१३ मध्ये हॉलिवूडचा नट पॉल वॉकर ज्या पोर्शे कारेरा जीटीच्या अपघातात गेला, तिचेही टायर नऊ वर्षांचे होते. तपासात मुख्य कारण वेग ठरलं, पण टायरच्या वयाचाही उल्लेख झाला. तेव्हापासून मी कुणाच्याही गाडीत बसण्याआधी कोड वाचतो. लोकांना राग आला तरी वाचतो.

गॅरेजचा_कोपरा

हा वयाचा बागुलबुवा टायर विकणाऱ्यांनी उभा केलाय. मिशेलिन स्वतः सांगते की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहाव्या वर्षी बदला. याचा अर्थ दहा वर्षं चालतात. माझे टायर लावून सात वर्षं झाली. गाडी बंद गॅरेजमध्ये, अंधारात, कापडाखाली असते. ऊन नाही, एक चीर नाही. साठवणूक नीट असेल तर रबर टिकतं. तुमचे आधीच्या मालकाने उन्हात जाळलेले असणार.

चार_आकडे

दहा वर्षं ही शेवटची हद्द आहे. तिथपर्यंत ते नव्यासारखे राहतील असं मिशेलिनने म्हटलेलं नाही, आणि दरवर्षी तपासायला का सांगतात तेही बघा.

उभी गाडी म्हणजे सुरक्षित टायर, हा समज तर उलटाच आहे. रबरात ओझोनपासून वाचवणारी मेणं आणि रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ती पुरेशी वर येत नाहीत. आणि चीर दिसत नाही म्हणून रबर मऊ आहे असंही नाही. ऑक्सिजनने ते आतून कडक होत जातं. बघून कळत नाही, ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजणारं साधन) लावा.

गॅरेजचा_कोपरा

मी वीस वर्षं गाड्या चालवतोय, मला रबर शिकवू नका. तुमचं एक वाईट वापरलेलं वाहन आणि एका नटाचा अपघात, एवढ्यावर सगळ्यांना घाबरवताय. त्या गाडीचा वेगही सांगा की! त्याच वेगात नवे टायर काय करणार होते?

चार_आकडे

वेग मुख्य कारण होता हे मी आधीच लिहिलंय, नीट वाचा. वीस वर्षं चालवलीत म्हणून रबराचं रसायनशास्त्र बदलत नाही. घरच्यांना मागे बसवून त्या टायरवर पावसात जाल का, एवढंच सांगा.

गॅरेजचा_कोपरा

घरच्यांना मध्ये आणायचं काम नाही.

एन_शून्य

इतकं भांडण्यापेक्षा गाडी बनवणाऱ्याने मंजूर केलेला टायर घाला. पोर्शेच्या टायरवर एन०, एन१ अशा खुणा असतात. ते टायर त्या गाडीच्या वजनाला आणि सस्पेन्शनला धरून तपासलेले असतात, आणि पुढे एन०, मागे एन१ अशी मिसळही करायची नसते. माझ्या गाडीला एका गॅरेजने पुढे एक आणि मागे दुसरंच मॉडेल बसवून दिलं होतं. वेगात लेन बदलताना पुढचं टोक वळायचं आणि मागचं उशिरा यायचं. दोन महिने मी अलाइनमेंट करत फिरलो.

ओली_सकाळ

मिसळ करू नये याला पूर्ण पाठिंबा. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घाला, चालवणारी चाकं पुढची असली तरी. पावसात पुढचे आधी घसरले तर गाडी सरळ जाते, वेग कमी करून सावरता येतं. मागचे आधी सुटले की माझा चौक होतो.

आणि वयाचा मुद्दा माझ्या सुरुवातीच्या लेखात यायलाच हवा होता. सेमी-स्लिक पुन्हा पुन्हा तापून थंड झाले की लवकर कडक होतात. म्हणजे ट्रेड शिल्लक असतो, पण ज्या पकडीसाठी ते घेतले ती गेलेली असते. रोजच्या गाडीला ते नकोत याचं हे आणखी एक कारण.

शेवटचा_लॅप

तापून थंड होण्याचं खरं आहे. माझ्या मागच्या संचाचं तसंच झालं होतं, अर्धा ट्रेड शिल्लक असताना लॅपची वेळ घसरत गेली. पण २०० चा आकडा तुम्ही कुणीच तपासला नाहीत, आणि खरं तर माझी चूक तिथे होती. ट्रेडवेअर कंपनी स्वतःच ठरवून छापते. एका कंपनीचा २०० दुसरीच्या २०० इतकाच मऊ असेल असं नाही, आणि तो आकडा झिजेबद्दल बोलतो, पावसाबद्दल काहीच नाही. नवख्याला नुसता आकडा सांगून मी सोडायला नको होतं.

त्याला मी आता वेगळं लिहिलंय: रोजच्यासाठी चांगले परफॉर्मन्स टायर, आणि ट्रॅकवर खरंच नियमित जाऊ लागलास तर सेमी-स्लिकचा दुसरा संच वेगळ्या चाकांवर. कोरड्या रस्त्याबद्दलचं माझं मत तेच आहे. साधं_रबर यांच्याशी तर मी कधीच सहमत होणार नाही.

साधं_रबर

चालेल. १९५ वर भेटू.

गॅरेजचा_कोपरा

रात्री टॉर्च घेऊन कोड बघितले. दोन टायरचे आतल्या बाजूला होते, गाडी उचलावी लागली. लावले २०१८ मध्ये, पण पुढच्या दोन्हींवर ३४१६ आहे. म्हणजे मला विकले तेव्हाच ते दोन वर्षांचे होते आणि मी वय लावल्या दिवसापासून मोजत होतो. मागचे १२१८. पुढचे आणि मागचे वेगळ्या वयाचे, हे इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं.

चारही बदलतोय. साठवणुकीबद्दल मी जे म्हटलं ते मागे घेत नाही. ड्युरोमीटर कुणाकडे असेल तर उतरवलेले टायर मोजूनच बघू.

चार_आकडे

माझ्याकडे आहे. टायर फेकू नका, नवे लावले की त्यांचंही माप घेऊ आणि दोन्ही आकडे इथे टाकू.