गाडीत गीतरामायण ओळीने लागत नाही, काय करावं?

मानपाडाकर:
गाडी २०१३ ची आहे. टेपला यूएसबी आणि ऑक्स (वायरने फोन जोडायची जागा) आहे, ब्लूटूथ नाही, स्क्रीन नाही. रोज सकाळी पावणेआठला मानपाड्याहून आईला घेऊन निघतो, तिला नेरुळला बहिणीकडे सोडतो आणि पुढे बेलापूरला ऑफिसला जातो. संध्याकाळी उलटं. माजिवडा, साकेत, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली करत सव्वा तास तरी जातोच. पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की दोन तास धरून चालायचं.

आई ७८ वर्षांची आहे. काचबिंदूमुळे गेली दोन वर्षं तिला जवळजवळ दिसत नाही. वाचन सुटलं, गाणी राहिली, आणि त्यातही गीतरामायण. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं तेव्हा ती आठ वर्षांची होती. साताऱ्यात त्यांच्या वाड्यात एकाच बिऱ्हाडात रेडिओ होता. दर आठवड्याला नवं गाणं लागायचं आणि अख्खा वाडा त्या ओसरीवर जमायचा. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गाणी ५२ ची ५६ झाली, हे ती अजून कौतुकाने सांगते.

त्यामुळे तिला ते ओळीनेच हवं असतं. एक गाणं संपत आलं की मांडीवर बोटांनी ठेका धरून ती पुढच्याची चाल आधीच गुणगुणायला लागते. आणि फोनवरचं गाण्यांचं अ‍ॅप भलतंच लावतं. परवा रामजन्म झाला की लगेच लंकेतलं युद्ध. त्यानंतर कर्जाची जाहिरात, तीही गाण्यापेक्षा मोठ्या आवाजात. तिची बोटं तिथेच थांबली. ती बोलत काहीच नाही, पण शेजारी बसलेली असते, मला कळतं.

मी अ‍ॅपची फुकट आवृत्ती वापरतो, फोनला ऑक्सची वायर जोडून. दिघ्याच्या आसपास माझ्या फोनची रेंज जाते, मग गाणं कडव्याच्या मधोमध अडकतं. पैसे भरले तर हे सगळं थांबेल का, की पेनड्राइव्ह बरा? गाडी दोन वर्षांत काढणार आहे, म्हणून टेप बदलायचा नाही. आणि गाडी चालवताना फोनला हात लावणार नाही.

घणसोली_सेक्टर_९:
पैसे भरा. माझ्या सासऱ्यांसाठी मी हेच केलंय. क्रम मोडतो तो बहुतेक फुकट आवृत्तीच्या बंधनामुळे, सेटिंगमध्ये कितीही शोधलंत तरी सापडणार नाही. पैसे भरल्यावर जाहिराती जातात, गाणी ओळीने लागतात आणि मुख्य म्हणजे, उतरवायची सोय असलेली योजना घेतलीत तर, फोनमध्ये उतरवून ठेवता येतात. मग रेंज गेली काय आणि राहिली काय. १६० केबीपीएस दर्जाला तासाभराच्या गाण्यांचे साधारण ७२ एमबी होतात, म्हणजे सगळं मिळून एक जीबीच्या आत बसतं. जुन्या ध्वनिमुद्रणाला याहून वरचा दर्जा घेऊन गाडीत काही फरक जाणवत नाही. रात्री घरच्या वायफायवर उतरवा. स्पॉटिफाय घेतलंत तर ३० दिवसांतून एकदा तरी फोन नेटवर असावा लागतो, नाहीतर उतरवलेलं वाजत नाही.

एक मेख आहे. नाव टाकून शोधलं की वेगवेगळ्या गायकांची गाणी मिसळून समोर येतात. आईंना बहुतेक सुधीर फडक्यांच्याच आवाजात हवं असेल, पण एकदा विचारून घ्या. मग क्रम बघून ५६ गाणी एकेक करून स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये टाका. माझी एक रविवार दुपार गेली, पण ते एकदाच करायचं असतं. ऑटोप्ले बंद करायला विसरू नका, नाहीतर शेवटचं गाणं संपल्यावर अ‍ॅप आपल्या मनाने काहीही लावत सुटतं.

पिवळी_पाटी:
दादा, मी १४ वर्षं ठाणे-वाशी-पनवेल भाडी मारतोय. पेनड्राइव्हसारखं दुसरं काही नाही. किल्ली फिरवली की काल जिथे थांबलं तिथून चालू, फोनचा संबंध नाही. फक्त अ‍ॅपमधून उतरवलेली गाणी पेनड्राइव्हवर घेता येत नाहीत, ती त्या अ‍ॅपमध्येच वाजतात. घरात सीडी असतील तर त्यावरून घ्या.

पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, जुने टेप दुसरं वाचत नाहीत. नावांच्या आधी ०१, ०२ असे आकडे घाला. तरी क्रम चुकला तर घाबरू नका. बरेच टेप नाव बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइल कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. सगळं पुसायचं आणि ०१ पासून एकेक कॉपी करायचं. मला हे कळायला दोन महिने लागले होते.

फोनला हात लावणार नाही म्हणालात ते लई बरं केलंत. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये चालवताना हातात मोबाइल घेणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय. पण दंडाचं सोडा, ऐरोलीच्या सिग्नलला गाणं बदलता बदलता पुढच्या गाडीवर जाऊन आदळलेले मी डोळ्यांनी बघितलेत.

मानपाडाकर:
सीडी नाहीत. कॅसेट होत्या, त्यांना बुरशी लागली. घणसोलीच्या ताईंचा मार्ग धरतो.

कोपरी_पूर्व:
अँड्रॉइड असेल तर त्या अ‍ॅपसाठी बॅटरीची बचत बंद करा. स्क्रीन बंद झाल्यावर काही फोन अ‍ॅप मध्येच मारून टाकतात, आणि आपल्याला वाटतं रेंज गेली. ऑक्स लावून गाडीतच चार्जिंग करत असाल तर घूं असा आवाजही येईल, इंजिनाबरोबर वाढणारा. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचा छोटा जोड मिळतो, तो ऑक्सच्या वायरमध्ये लावायचा.

मानपाडाकर:
शनिवारी आईला शेजारी बसवून यादी केली. क्रम तिनेच सांगितला, मी अ‍ॅपवर शोधत गेलो. एकाही ठिकाणी अडखळली नाही. दोन गाणी मी उलटसुलट टाकली होती, तीही तिने पकडली.

आज सकाळी गाडी सुरू करण्याआधी लावून दिलं आणि फोन खणात ठेवला. कळवा पुलावर रामजन्म. दिघ्याला काहीच अडकलं नाही, म्हणजे रेंजचाच त्रास होता, तरी बॅटरीचं सेटिंगही बदललंय. बाराव्या गाण्याला नेरुळ आलं, ते संपेपर्यंत बहिणीच्या फाटकापाशी थांबलो. संध्याकाळी घ्यायला गेलो तर पट्टा लावता लावता आईने विचारलं, “आता तेरावं ना रे?”

घूं आवाज येतोय, चार्जर काढला की थांबतो. स्टेशनजवळच्या दुकानात तो आयसोलेटर मिळतो का बघतो. पिवळी पाटीदादा, वहिनींच्या गाडीला पेनड्राइव्ह करून द्यायचाय, क्रमाचं तेव्हा तुम्हालाच विचारीन.